वादळाच्या आदल्या संध्याकाळी

पोरी, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "काका, मंगळवारी वादळ येतंय, ऑफिसनं सुट्टी दिलीय. आता दोन दिवस घरात कोंडून पडायचं." वर सामानाचा फोटो पाठवलास. तीन पाव, दोन डझन अंडी, दुधाचा भलामोठा कॅन आणि चिप्स. बॉस्टनमध्ये वादळाची बातमी आली की सगळं गाव दूध, अंडी नि पाव आणायला पळतं. बर्फाच्या दिवशी घरोघरी फ्रेंच टोस्टच खायचा असं जणू ठरलेलं असतं. सहा महिन्यांत तू पक्की बॉस्टनकर झालीस. डाळ मात्र त्या फोटोत कुठे दिसली नाही.

"कोंडून पडायचं" हे खटकलं, म्हणून लिहायला बसलो. फोनवर तू "हो काका, हो काका" म्हणतेस आणि ऐकत नाहीस.

आमच्या गुहागरकडे मृगाच्या आधी महिनाभर घरात एकच गडबड असायची. लाकूडफाटा पडवीत रचायचा, कुळीथ पाखडून डब्यात, आमसुलं बरणीत, सुके बोंबील नि सुकट उन्हं दाखवून बांधून ठेवायची, फणसाची साठं, पापड. झड आत येऊ नये म्हणून पडवीला झापं बांधायची. मग आषाढात आठ-आठ दिवस धुवांधार कोसळायचा, वहाळाला पाणी चढून वाट बंद व्हायची, आणि आजी ओटीवर पाय पसरून वाती वळत बसायची. "कोंडून पडलो" असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. बाहेरून काही आणायचं उरलेलंच नव्हतं ना. याला बेगमी म्हणतात. बर्फाच्या दिवसाची सगळी ऊब त्या एका शब्दात आहे. सुगंधी मेणबत्त्या नि लोकरीचे मोजे हे नंतरचं.

हे मला इथे अकलखाती पैसे भरून कळलं. मी १९७७च्या ऑगस्टमध्ये आलो. पुढच्या ६ फेब्रुवारीला, सोमवारी, बर्फ सुरू झाला आणि मंगळवारपर्यंत थांबला नाही. बॉस्टनमध्ये २७.१ इंच. रूट १२८ या बॉस्टनभोवतीच्या हायवेवर तीन हजारांहून जास्त गाड्या जागच्या जागी गाडल्या गेल्या. मग आठवडाभर गाड्या चालवायलाच बंदी. गव्हर्नर डुकाकिस रोज स्वेटर घालून टीव्हीवर यायचे आणि लोकांना घरी बसा म्हणून सांगायचे. गंमत बघ, दहा इंच बर्फ वितळवला तर साधारण एक इंच पाणी होतं. म्हणजे तो सगळा कहर आपल्या हिशेबानं जेमतेम पावणेतीन इंच पाऊस! गुहागरला आषाढात एवढ्यासाठी कुणी छत्रीसुद्धा शोधत नाही.

पहिला दिवस मी खिडकीला नाक लावून काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी डबे उघडले तर अर्धी वाटी तांदूळ आणि लोणच्याचा खार. कोंडून पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी समजलं. खालच्या मजल्यावर एक पोर्तुगीज आजीबाई राहायच्या. मी फावडं मागायच्या निमित्तानं दार वाजवलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बटाटा नि हिरव्या पाल्याचं सूप पुढे ठेवलं, त्यात सॉसेजच्या चकत्या तरंगत होत्या. कशाच्या, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्या हिवाळ्यात त्यांच्या पायऱ्या मीच साफ केल्या.

तर सोमवारी संध्याकाळी काय करायचं ते सांगतो. फोन आणि तो चार्जिंगचा ठोकळा भरून ठेव. टॉर्च उशाशी ठेव. तुझ्याकडे गॅसची शेगडी आहे हे नशीब. वीज गेली तर राइस कुकर शोभेचा, पण बर्नर बहुधा काडेपेटीनं पेटतो आणि प्रेशर कुकर कुणाचं ऐकत नाही. मात्र ऊब मिळावी म्हणून ओव्हन किंवा शेगडी पेटवून बसायचं नाही, कितीही हुडहुडी भरली तरी. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. १९७८ला बर्फात अडकलेल्या गाड्यांत इंजिन चालू ठेवून बसलेली माणसं त्यानंच गेली. तुमच्या घरातल्या त्या वायूच्या डिटेक्टरचं बटण एकदा दाबून बघ. घरमालकाला विचारून घे की हीटिंगच्या धुराड्याचा पाइप भिंतीतून बाहेर कुठे निघतो. बर्फानं त्याचं तोंड बुजलं तर उकरायचं कुणी, हे आधी ठरलेलं बरं. फार गारठा असेल तर रात्री सिंकचा नळ बारीक ठिबकत ठेव आणि खालच्या कपाटाची दारं उघडी, म्हणजे पाइप गोठत नाही. वीज गेलीच तर फ्रिज सारखा उघडून बघायचा नाही. बंद राहिला तर साधारण चार तास माल टिकतो.

आणि डाळ आण. कुळथाचं पीठ काकूनं गेल्या खेपेला दिलं होतं, ते मागे कुठेतरी पडलं असेल, शोध. फोडणी द्यायच्या आधी कोट झोपायच्या खोलीत टांगून दार लावून घे. इथली घरं हिवाळ्यात बंद डबा असतात. लसणाची फोडणी कोटात शिरली की मार्चपर्यंत गाडीत शेजारी बसलेल्याला तुझा स्वयंपाक कळतो. मी हे अनुभवावरून सांगतोय. पिठलं, गरम भात, वर तुपाची धार. त्या वेळी खिडकीबाहेर काहीच दिसत नसलं पाहिजे, मग चव येते.

मंगळवारी सकाळी गजर लावू नकोस. जाग येईल ती शांततेनं. ताज्या भुसभुशीत बर्फात हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्या आवाज शोषून घेतात, म्हणून बॉस्टनच्या डॉर्चेस्टरसारख्या गजबजलेल्या वस्तीतसुद्धा कानात कापूस घातल्यासारखं होतं. दोन दिवसांनी बर्फ दडपून कडक झाला की हे जातं. म्हणून पहिला तास फोन बघण्यात घालवू नकोस, नुसतं पडून ऐक.

ऑफिसनं सुट्टी दिलीय म्हणतेस, तर लॅपटॉप बॅगेतच राहू दे. हल्ली लोक "घरून थोडं उरकतो" म्हणतात आणि पाच वाजता डोकं वर काढतात. अंगणात चार फूट बर्फ साठला हे त्यांना बातम्यांत कळतं. मला हा प्रकार अजिबात पटत नाही. आभाळानं दिलेली रजा आहे, साहेबानं नव्हे.

बाहेर जायची हौस येईल. बर्फ पडत असेल आणि वारा नसेल तर खुशाल जा. पण वारा असेल तर फोटोसाठी कोपऱ्यापर्यंतही नको. ब्लिझर्ड, म्हणजे बर्फाचं तुफान, बर्फाच्या उंचीवर ठरत नाही: ताशी ३५ मैलांचा वारा आणि पाव मैलाच्या आतली नजर, सलग तीन तास. त्यात माणूस स्वतःच्या फाटकासमोर वाट चुकतो. थांबल्यावर खालच्या आजोबांचं दार वाजव, त्यांना फावडं हातात घेऊ देऊ नकोस. त्या वयात बर्फ उपसताना हृदयविकाराचे झटके येतात. मला डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच बंदी केलीय. तू मात्र एकदम पंधरा इंच साचेपर्यंत थांबू नकोस, दोन-तीन हप्त्यांत काढ. नगरपालिकेचा नांगर, म्हणजे बर्फ ढकलणारी गाडी, शेवटी येऊन तुझ्या गाडीपुढे घट्ट बांध घालून जाईल. चिडायचं नाही, सगळ्यांचं तेच होतं.

बर्फ उकरून मोकळ्या केलेल्या पार्किंगच्या जागेत कुणी जुनी खुर्ची ठेवलेली दिसली तर ती हलवू नकोस. शहरानं जाहीर केलेली स्नो इमर्जन्सी संपल्यावर अठ्ठेचाळीस तास ती जागा त्याची, असा इथला रिवाज आहे. खुर्ची हलवणाऱ्याच्या गाडीचं काय होतं त्याच्या कहाण्या प्रत्यक्ष भेटीत सांगेन.

कदाचित वादळ येणारही नाही. समुद्र जवळ आहे, ईशान्येचं वारं जरा ऊन हवा घेऊन आलं की वीस इंचांचा नुसता चिखल होतो. २०१५च्या हिवाळ्यात उलट, बर्फ एकशे आठ इंचांवर पडला. शहरानं एकीकडे रचलेला ढीग जुलैत वितळला. तुझ्या वाटची डाळ दोन्हीकडे उपयोगी आहे.

काकूनं डिंकाचे लाडू केलेत, शनिवारी रस्ते मोकळे झाले की घेऊन येतो. मंगळवारी फोन कर, पण दोन ते चार नको. पिठलं-भात खाऊन मी झोपलेला असेन.

तुझा,
काका