रश्श्याचा डाग साबणानं लाल का झाला?

प्रश्न : भाच्याच्या लग्नानंतरच्या जेवणात यजमानांच्या पांढऱ्या सुती शर्टावर तांबडा रस्सा सांडला. घरी येऊन लगेच साबण चोळला, तर पिवळट डाग लालभडक झाला. साबणात खोट होती का? शर्ट आता पुसायला घेऊ का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, पुसायला घेऊ नका, आणि साबणालाही बोल लावू नका. लाल झाली ती हळद. हळदीतलं कर्क्युमिन क्षाराशी गाठ पडली की लाल होतं, आणि कपड्याची वडी क्षारयुक्तच असते. हळदीला चुन्यानं लाल करून कुंकू करतात, ते याच गुणावर. डागावर लिंबाचे दोन थेंब पिळा, लाली उतरून पिवळा दिसेल. डाग त्यानं जात नाही, पण हळद आहे याची खात्री पटते. लाँड्रीच्या धंद्यात माझे केस पांढरे झाले, तरी गल्ल्याशेजारी लिंबू असतंच.

रश्श्याचा डाग म्हणजे एक डाग नव्हे. वर कटाचं तेल, तेलात उतरलेला मिरचीचा रंग आणि खाली हळद. (कट नसलेला रस्सा वाढला तर कोल्हापुरात पाव्हणे रुसतील, तेव्हा त्यावर इलाज नाही.) तेल ठेवून रंगाच्या मागं लागलात तर दमाल. म्हणून आधी तेल. कापड कोरडं असतानाच डागावर भांड्याचं लिक्विड बोटानं जिरवा, पंधरा मिनिटं थांबा, मग कापड उलटं करून कोमट पाण्याची धार सोडा. वाळल्यावर उजेडासमोर धरा. तेल उरलेल्या जागी कापड तेलकट कागदासारखं आरपार दिसतं. तसं दिसलं तर पुन्हा लिक्विड लावा.

तेल गेलं की शर्ट ओलाच उन्हात टाका, डाग सूर्याकडं करून. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, मिरचीचाही फिका पडतो. वाळला की पुन्हा भिजवून टाका. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री फिरवायची नाही, उष्णतेनं तो पक्का बसतो. आषाढात आपल्याकडं ऊन कुठलं? तेव्हा औषधाच्या दुकानातलं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, तेही पांढऱ्या सुतीवरच आणि आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून बघून.

एक मात्र बजावून सांगतो. लिंबू किंवा व्हिनेगर लावलेल्या कपड्यावर ब्लीच ओतू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. न्हाणीघराचं दार लावून कपडे धुणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

प्रश्न : थंडीत एकदाच घातलेला पांढरा झब्बा स्वच्छ दिसला म्हणून न धुताच पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला. आता काढला तर तपकिरी ठिपके. गंज आहे का?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : दादा, ठिपके कुठं आहेत ते लिहिलं नाहीत. घडीच्या कडेला, पत्र्याला टेकलेल्या जागी असतील तर गंज. छातीवर ओघळासारखे असतील, तर मला वेगळा संशय आहे : थंडीत तुम्ही कुठल्या तरी गुऱ्हाळावर जाऊन आलात! उसाचा रस वाळला की डोळ्यांना दिसत नाही, पण साखर कापडात राहते आणि महिन्यांनी तपकिरी होते. गार सरबतांचंही तेच. अशा डागाला कोमट पाणी आणि कपड्याच्या लिक्विडमध्ये रात्रभर भिजत ठेवा, उरलं तर वर सांगितलेलं पेरॉक्साइड. गंज असेल तर लिंबू-मीठ लावून ऊन दाखवा, मग भरपूर पाण्यानं खळबळा. गंजावर ब्लीच टाकलंत तर तो आणखी पक्का होतो.

प्रश्न : जोतिबाच्या चैत्र यात्रेत रेशमी साडीवर गुलाल पडला. कसा काढू?
– एक वाचक, वडणगे

उत्तर : वहिनी, पाणी लावू नका. ओल लागली की गुलालाचा रंग धाग्यात शिरतो. साडी बाहेर मोकळी झटका, मऊ ब्रशनं एकाच दिशेनं झाडा, हातानं चोळू नका. मग ड्रायक्लीनिंगला द्या, आणि देताना गुलाल आहे हे तोंडानं सांगा. तिथं शहाळंही प्यायला असाल आणि दोन थेंब पदरावर पडले असतील, तर तेही सांगा. ड्रायक्लीनिंगचं द्रावण तेल काढतं, साखर काढत नाही. ती कारागिराला वेगळी काढावी लागते.