गवत मोजण्याच्या शिक्षणात भविष्य आहे का?

(सोलापूर जिल्ह्यातील सोयाबीन व तूर पिकवणाऱ्या एका शेतकरी पालकांचे पत्र आले आहे. त्यांच्या मुलीने कृषी पदवी पूर्ण केली असून, अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यातील एका विद्यापीठाने तिला प्रेअरीतील (विस्तीर्ण गवताळ मैदानांतील) आक्रमक गवतांच्या नियंत्रणावरील प्रकल्पात एम.एस.साठी जागा देऊ केली आहे. त्यांनी विचारले आहे : 'तण काढायला आम्ही जन्मभर शिकलो, त्यासाठी अमेरिका कशाला? आणि पुढे नोकरी मिळेल का?')

आदरणीय महोदय,

आपला प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आधी त्या गवतातच शोधावे लागेल.

डकोटा, वायोमिंग या पट्ट्यातील प्रेअरी ही मुळात बहुवर्षायू गवतांची भूमी आहे. युरोप-आशियातून गेलेली चीटग्रास आणि जपानी ब्रोम ही दोन वर्षायू गवते तेथे पसरली आहेत. ती बहुधा शरदात उगवतात, बर्फाखाली तग धरतात, आणि वसंतात व्हीटग्रास हे स्थानिक बहुवर्षायू गवत नुकते हिरवे होत असताना जमिनीतला ओलावा ओढून घेऊन उन्हाळ्याच्या तोंडावर बी टाकून वाळतात. मागे उरते ते कुसळांचे रान. त्याला जनावरे फारसे तोंड लावत नाहीत आणि ठिणगी पडताच ते पेटते.

'तण खाई धन' हे आपणास मी सांगायला नको. परंतु आपल्या शेतात कोळपे फिरते, तेथे ते शक्य नाही; साउथ डकोटातील एकटे बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानच सुमारे २,४४,००० एकरांचे आहे. तेथे हाताशी असतात ती मुख्यतः दोन साधने, नियंत्रित जाळ (ठरवून लावलेली आग) आणि तणनाशक, आणि दोन्ही बेभरवशाची आहेत. जाळामुळे ओलावा धरणारा वाळक्या गवताचा थर जातो व जपानी ब्रोमची उगवण घटते. मात्र पुढच्या शरदात पाऊस चांगला झाला, तर तेच गवत पुन्हा जोमाने उभे राहते. इमॅझापिक हे तणनाशक (सोयाबीनवरील इमॅझेथापायरच्याच कुळातले) उगवणारे ब्रोम रोखते, पण मात्रा किंवा वेळ चुकली तर स्थानिक गवतांनाही मार बसतो. एकाच उपायाचे फळ एका वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी वेगळेच, असा हा विषय आहे.

म्हणूनच तेथील राष्ट्रीय उद्याने आणि शासकीय शास्त्रज्ञ ज्या पद्धतीने काम करतात, तिला अनुकूली व्यवस्थापन म्हणतात, सी. एस. हॉलिंग आणि कार्ल वॉल्टर्स यांनी कॅनडात १९७० च्या दशकात तिची मांडणी केली. उपाय करण्यापूर्वी 'या तुकड्यावर जाळ दिला तर ब्रोम इतके घटेल' असे भाकीत लिहून ठेवायचे, त्याच्या विरोधी भाकीतही मांडायचे, आणि नंतर मोजणी करून ज्याचे भाकीत खरे ठरले त्याला पुढच्या निर्णयात अधिक वजन द्यायचे. आपणही मागच्या हंगामाचा अनुभव पाहूनच फवारणी ठरवता. येथे तो अनुभव अनेक ठिकाणांचा, लिखित आणि गणिताने तपासलेला असतो. आपली कन्या जे शिकायला जात आहे ते हेच आहे, आणि माझ्या मते ते शिकण्याजोगे आहे.

मात्र प्रत्यक्ष काम कसे असते, याची तिला पुरती कल्पना असावी. जमिनीवर लांब टेप ताणायची, ठरावीक अंतरावर बारीक सळई उभी टेकवायची, आणि तिला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक वनस्पतीचे नाव नोंदवायचे; दिवसभर वाकून, वाऱ्यात, मोज्यांत कुसळे रुतलेली असताना. फुलोरा नसलेले कोवळे गवत पानावरच्या लवेवरून ओळखावे लागते. संध्याकाळी त्याच नोंदी संगणकावर 'आर' या सांख्यिकीच्या संगणकभाषेत तपासायच्या. यातले एकही काम नकोसे वाटत असेल, तर हा मार्ग तिचा नव्हे.

नोकरीविषयी स्पष्ट लिहितो. ज्या राष्ट्रीय उद्यानांत हे काम चालते, तेथील संघराज्य सरकारच्या नोकऱ्यांना जवळपास नेहमीच अमेरिकी नागरिकत्व लागते. पदवीनंतर प्रशिक्षणार्थी म्हणून १ वर्ष, आणि अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असल्यास आणखी २ वर्षे तेथे काम करता येते. त्या काळात विद्यापीठे, पर्यावरण सल्लागार कंपन्या आणि स्वयंसेवी संस्था यांचाच विचार करावा. भारतात परतल्यास झाशीची गवत व चारा संशोधन संस्था, जबलपूरचे तण संशोधन संचालनालय, तसेच कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात वेड्या बाभळीवर काम करणारे गट आहेत. आपल्या नान्नजच्या माळरानालाही अशी काटेकोर मोजणी करणारी माणसे हवी आहेत, हे मला मनापासून वाटते. तेथे आज जागा मात्र मोजक्याच आहेत.

माझा सल्ला असा : शुल्कमाफी आणि मासिक विद्यावेतन लेखी मिळत असेल तर जरूर पाठवा, शेतजमीन तारण ठेवून कर्ज काढावे लागत असेल तर या विषयासाठी ते काढू नका. प्राध्यापकांना तिने स्वतः ई-मेल करून तीन गोष्टी विचाराव्यात : विद्यावेतन उन्हाळ्याच्या महिन्यांतही चालू राहते का, आरोग्य विम्याचा खर्च कोण करते, आणि प्रकल्पाचा निधी कोणत्या वर्षापर्यंत मंजूर आहे. निर्णयाला अवधी असेल तर पावसानंतर गावच्या माळावर ५० मीटरची टेप टाकून कुसळी, मारवेल आणि गाजर गवत यांची मोजणी तिने आठवडाभर करून पाहावी, आणि आपणही एक दिवस तिच्यासोबत जावे.

आपला,
करिअर समुपदेशक