‘रन’ म्हणजे नुसतं धावणं नाही गं

अगं,

तुझा मेसेज रात्रीच वाचला होता, पण दोन ओळीत उत्तर देण्यासारखा नव्हता म्हणून आज सकाळी निवांत लिहायला बसलोय. ‘रन’चे चाळीसेक अर्थ पाठ केलेस आणि तरी पेपरात ‘द कलर्स रॅन’ आलं तेव्हा ‘रंग धावले’ लिहून आलीस आणि आता तुला वाटतंय की मराठी मिडीयमवाल्यांना इंग्रजी जमतच नाही. हे शेवटचं आधी डोक्यातून काढून टाक. नवीन लाल ओढणी बादलीत टाकली की तिचा रंग जातो आणि बाकीच्या कपड्यांना लागतो ना, तेच ते, तुला माहीत असलेलीच गोष्ट आहे.

ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत 1989 च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे नव्या आवृत्तीचं काम करताना ‘रन’ने त्याला मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचेच 645 अर्थ निघाले, आणि पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांना त्या एका शब्दाला जवळपास नऊ महिने लागले. इतकी वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला नऊ महिने लागतात तो शब्द तू आठवड्यात का पाठ करतेस?

आता आपला ‘लागणे’ घे. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, आग लागते, नाद लागतो, आंबा गोड लागतो, डोळा लागतो, तो रडू लागतो, आणि सकाळी सहाची एसटी पकडायची तर पाचला उठावं लागतं. यातलं एक तरी तू कधी पाठ केलंस का? शेजारी भूक आहे की नोकरी एवढं ऐकूनच तुला कळतं. म्हणजे ही विद्या तुझ्याकडे आहेच, फक्त इंग्रजीत ती वापरायची कुणी सांगितली नाही.

आपल्याला शाळेत ‘रन म्हणजे धावणे’ शिकवलं तिथेच घोळ होतो असं माझं ठाम मत आहे. कारण रोजच्या वापरात ‘रन’ म्हणजे बऱ्याचदा आपलं ‘चालणे’ असतं. मशीन चालतं, दुकान चालतं, पिक्चर पंचवीस आठवडे चालतो, कम्प्युटरवर प्रोग्राम चालवतो, तिकडे सगळीकडे रन. पाणी आणि नाक असेल तर वाहतं. रस्ता नदीच्या कडेने जातो, तिथे पण रनच.

हे मला कुणी शिकवलं सांगू? नोकरीच्या सुरुवातीला मी एका कंपनीसाठी शेतीच्या पंपाचं माहितीपत्रक मराठीत करत होतो. ‘डू नॉट रन द पंप ड्राय’ असं वाक्य होतं, मी लिहिलं ‘पंप कोरडा पळवू नका’. तिथल्या फिटरमामांनी वाचलं आणि शांतपणे म्हणाले, मोटर कोरडी चालवू नका असं लिहा साहेब, पाणी नसताना चालली की सील जळतं. मामांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण पंप माहीत होता, त्यामुळे अर्थ त्यांच्याकडे होता आणि माझ्याकडे नुसता शब्द. त्या दिवसापासून मी डिक्शनरी उघडायच्या आधी विचारतो की इथे नक्की काय घडतंय.

आणि शेजारचे छोटे शब्द सोडू नकोस. ‘ही वॉज रन आउट’ म्हणजे तो धावचीत झाला, आणि ‘वुई हॅव रन आउट ऑफ मिल्क’ म्हणजे दूध संपलं. फरक कुठे पडला बघ, माणूस आहे की दूध आणि मागे ‘ऑफ’ आलाय का. क्रिकेटचा रन तर आपण ‘धाव’ करून घेतलाच, चौकार मारला की कुणी पळालं नाही तरी फलकावर चार धावा लागतात आणि कुणाला काही खटकत नाही. बँकेवर ‘रन’ आला असं पेपरात वाचलंस तर बँक बुडणार या भीतीने पैसे काढायला लोकांची झुंबड उडालीय असं समज.

तर ती अर्थांची यादी बंद कर. एक दोनशे पानी वही घे, एका शब्दाला चार पानं ठेव, आणि वाचताना जिथे ‘रन’ दिसेल ते अख्खं वाक्य उतरवून खाली आपण घरी जसं बोलतो तसं मराठी लिही, पुस्तकी नको. डिक्शनरी इंग्रजी-इंग्रजीच वापर पण शिकणाऱ्यांसाठीची. हॉर्नबी नावाचे एक इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवायचे, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी डिक्शनरी केली आणि ती 1942 मध्ये टोकियोत छापली गेली, त्यातूनच पुढे ऑक्सफर्डची आजची शिकणाऱ्यांची डिक्शनरी आली. परक्या मुलांचं नेमकं कुठे अडतं हे बघून केलेलं काम आहे ते, त्यात वाक्यं भरपूर मिळतात.

रविवारपर्यंत ‘रन’ची दहा वाक्यं पाठव, फोटो काढून पाठवलीस तरी चालेल. आणि ‘चालेल’ला इंग्रजीत काय म्हणशील तेही त्यात लिही.