डिस्कचा कोड ५३२६४ : बिघाड की ठीकठाक?

प्रश्न : सर्व्हरच्या डिस्क तपासायला विंडोजच्या स्टोरेज मॅनेजमेंट एपीआयवर (प्रोग्रॅममधून डिस्कची माहिती मागायची सोय) छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. ‘एमएसएफटी_डिस्क’ क्लासमधून ‘ऑपरेशनलस्टेटस’ (डिस्कची सध्याची स्थिती) वाचला की प्रत्येक डिस्कला ५३२६४ येतो. ‘२ म्हणजे ओके’ असं धरल्यामुळे प्रोग्रॅम सगळ्याच डिस्क नादुरुस्त ठरवतो. पॉवरशेलमध्ये ‘गेट-डिस्क’ ही कमांड मात्र त्याच डिस्क ऑनलाइन दाखवते.

उत्तर : ५३२६४ म्हणजेच ऑनलाइन. ‘गेट-डिस्क’ त्याच आकड्याचा शब्द करून दाखवते, तुमच्या प्रोग्रॅमला कच्चा आकडा मिळतो. सिम (कॉमन इन्फर्मेशन मॉडेल) या मानकात ३२७६८ पासूनचे कोड उत्पादकांसाठी राखून ठेवले आहेत आणि मायक्रोसॉफ्टने डिस्कच्या स्थिती तिथे बसवल्या आहेत : ५३२६५ नॉट रेडी, ५३२६६ नो मीडिया, ५३२६७ ऑफलाइन, ५३२६८ फेल्ड. कार्ड रीडर रिकामा असला की ५३२६६ येतो, त्यावर अलार्म वाजवू नका.

तुम्ही वाचलेला २ हा ‘एमएसएफटी_फिजिकलडिस्क’ या वेगळ्या क्लासचा आहे. तिथे २ ओके, ३ डिग्रेडेड, ५ प्रेडिक्टिव्ह फेल्युअर (डिस्क लवकरच बिघडण्याची चिन्हं), १३ लॉस्ट कम्युनिकेशन. शिवाय तिथे उत्तर एकच आकडा नसून ॲरे, म्हणजे आकड्यांची यादी, असतो. फक्त पहिला घटक तपासलात तर दुसरा निसटतो. दोन्ही क्लासना एकच तक्ता लावू नका.

डिस्क ऑनलाइन आहे एवढ्यावर ती निरोगी ठरत नाही. त्यासाठी ‘हेल्थस्टेटस’ हा वेगळा गुणधर्म आहे : ० हेल्दी, १ वॉर्निंग, २ अनहेल्दी, फिजिकल डिस्कला ५ म्हणजे अननोन. इथे हमखास घात होतो तो शून्यामुळे. अनेक भाषांत शून्य म्हणजे ‘खोटं’, म्हणून नुसतं ‘इफ हेल्थस्टेटस’ लिहिलं की निकाल बरोब्बर उलटा लागतो. तुलना थेट शून्याशी करा, आणि गुणधर्म रिकामा आला तर त्याला शून्य समजू नका. प्रेडिक्टिव्ह फेल्युअर दिसला तर डिस्क चालू असतानाच बॅकअप घ्या आणि मगच बदला.

प्रश्न : क्लोन केलेली डिस्क मूळ डिस्कसोबत जोडली की ५३२६७ येतो. क्लोन बिघडला का?

उत्तर : बहुधा नाही. डिस्क ऑफलाइन का आहे ते सांगणारा ‘ऑफलाइनरीझन’ वाचा. ४ असेल तर कोलिजन, म्हणजे दोन्ही डिस्कची सिग्नेचर (विंडोज डिस्क ओळखते तो क्रमांक) एकच आहे. ‘ऑनलाइन’ मेथड चालवली की विंडोज क्लोनला नवी सिग्नेचर देते. डेटाच्या डिस्कला याने काही होत नाही, पण क्लोनवरून पुढे बूट करायचं असेल तर थांबा : बूटची नोंद जुन्या सिग्नेचरवर बेतलेली असते, ती जुळली नाही की मशीन सुरूच होत नाही. अशा वेळी मूळ डिस्क काढून एकट्या क्लोनवरून बूट करा.

‘ऑफलाइनरीझन’ १ आला तर तो पॉलिसीचा, म्हणजे विंडोजच्या सेटिंगचा, परिणाम आहे. सर्व्हरवर सॅनमधून (अनेक सर्व्हरना जोडलेलं स्टोरेजचं नेटवर्क) आलेल्या शेअर्ड डिस्कबाबत हे नेहमीचंच. डिस्क दुसऱ्या सर्व्हरच्या वापरात नाही याची खात्री केल्याशिवाय ती ऑनलाइन आणू नका. दोन सर्व्हर एकाच एनटीएफएसवर (विंडोजची फाइल सिस्टिम) लिहू लागले तर फाइल सिस्टिमच खराब होते. ऑनलाइन आल्यावरही लिहिता येत नसेल तर ‘इजरीडओन्ली’ (डिस्क फक्त वाचण्यापुरती आहे का) पाहा. तो ‘सेटॲट्रिब्यूट्स’ मेथडने काढता येतो.