जुनी मारुती 800 महिन्याला जेमतेम 200 किमी चालते. ऑइल 10,000 किमीला बदललं तर चालेल का? फुल सिंथेटिक घालू का?

नाही, इतक्या कमी वापरात किमी न बघता वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर बदला. 10,000 व्हायलाच तुम्हाला चार वर्षं लागतील! भाजी आणायला दोन किमी जाऊन आलं की इंजिन नीट तापत नाही आणि न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ ऑइलमध्येच मुरते. ऑइल भरायच्या झाकणाला आतून दुधाळ, पिवळसर चिकटा दिसला तर बहुधा तेच कारण. मात्र कूलंटही कमी होत असेल तर आधी हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं सील, ते फुटलं की कूलंट ऑइलमध्ये मिसळू शकतं) तपासून घ्या. सिंथेटिकवर पैसे घालवू नका. मॅन्युअलमधल्या ग्रेडचं, डब्यावर एपीआय एसएन किंवा एसपी (ऑइलच्या दर्जाची खूण) लिहिलेलं साधं मिनरल ऑइल पुरतं.