वसतिगृहातल्या मुलांकडे जाताना

बडोद्यात शिकायला आलेल्या राठवा आदिवासी मुलांसाठी काहीतरी करायचं म्हणताय, बरं वाटलं. पण पहिले दोन-तीन महिने शिकवू नका. चहा प्या, ऐका. मीही खडू-फळा घेऊनच गेले होते. तिसऱ्या रविवारी खोलीत दोनच मुलं उरली.

भाषा आधी. घरी ती राठवी बोलतात, गुजराती त्यांनाही शाळेतच शिकावी लागते. त्यांच्याकडून चार शब्द शिका, चुका, त्यांना पोटभर हसू द्या. आपलं मास्तरपण तिथेच गळतं.

होळीच्या दिवसांत काहीही ठेवू नका. त्यांच्या छोटा उदेपूरकडे तेव्हा मेळे असतात, कवांटचा तर मोठाच. मुलं गावी जाणारच. (याला 'गैरहजेरी' म्हणणारे पुष्कळ भेटतील.)

पिठोरा हे त्यांचं घराच्या भिंतीवरचं चित्र, पण ती भिंत सजवायची हौस नव्हे. नवस फेडायला तो घरात 'लिहवून' (म्हणजे रंगवून) घेतात, बडवा म्हणजे त्यांचा पुजारी विधी करतो. 'स्पर्धेसाठी एक काढून दे' असं कुणाला म्हणू नका. मी म्हटलं होतं.

फोटोही नकोत, पहिलं वर्ष तरी. छोटा उदेपूरजवळच्या तेजगढची आदिवासी अकादमी मात्र बघून या, आदिवासी भाषा-संस्कृतीचं काम करणारी संस्था आहे. जमल्यास त्यांच्यातल्याच कुणालातरी वाट दाखवायला घेऊन. शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले यांचं नंतर बोलू.