युरोपियन कौन्सिल आणि कौन्सिल ऑफ द युरोपियन युनियन एकच आहे का?

नाही, दोन्ही वेगवेगळ्या संस्था आहेत, युरोपियन कौन्सिलमध्ये 27 देशांचे पंतप्रधान किंवा राष्ट्राध्यक्ष बसतात आणि युनियनने कुठल्या दिशेने जायचं ते ठरवतात पण कायदा पास करत नाहीत, आणि कौन्सिल ऑफ द युरोपियन युनियन म्हणजे मंत्र्यांची, तिथे विषय बदलला की माणसं बदलतात, म्हणजे अर्थखात्याचा विषय असेल तर सगळ्यांचे अर्थमंत्री, आणि डिसेंबरमध्ये पुढच्या वर्षी कुठल्या समुद्रातून किती मासे पकडायचे हे ठरवायला मासेमारी खात्याचे मंत्री बसतात, ती चर्चा पार रात्र-रात्र चालते. युनियनच्या करारातलं (ट्रीटी ऑन युरोपियन युनियन) कलम 15 आणि 16 वाचा, 15 मध्ये तर स्पष्टच लिहिलंय की युरोपियन कौन्सिल कायदे करणार नाही. कायद्याचा मसुदा कमिशन (युनियनचं कार्यकारी मंडळ) आणतं, तो बहुतेक वेळा युरोपियन पार्लमेंट आणि मंत्र्यांची कौन्सिल दोघांनाही मान्य व्हावा लागतो, आणि कौन्सिलमध्ये साधारणपणे 55% देश (म्हणजे 15) आणि 65% लोकसंख्या एवढा पाठिंबा लागतो. फक्त टॅक्स, परराष्ट्र धोरण अशा विषयांत बहुतेकदा एकमत लागतं, एक देश अडून बसला तरी सगळं थांबतं.

आणि प्लीज यात कौन्सिल ऑफ युरोप मिसळू नका! झेंडा तोच 12 ताऱ्यांचा असला तरी ती स्ट्रासबर्गची, 1949 पासूनची, 46 देशांची वेगळीच संघटना आहे, मानवी हक्क कोर्टवाली.